ओल्या कचऱ्याच्या खताला वास येतोय, काय चुकतंय?

प्रश्न: २० लिटरच्या झाकणाच्या बादलीत तीन आठवड्यांचा ओला कचरा आहे. आंबूस वास येतो, तळाशी काळं पाणी साचलंय. फेकून द्यावं का?

उत्तर १: अजिबात फेकू नका, खत नक्की होईल. हवा मिळत नाही, म्हणून ऑक्सिजनशिवाय वाढणारे जिवाणू माजलेत. सगळं बाहेर काढून मोकळं करा. एक वाटी कचऱ्याला दोन वाट्या सुका पाला किंवा फाडलेला पुठ्ठा मिसळा (चकचकीत छपाईचा नको). बादलीच्या तळाला आणि बाजूंना ८-१० मिमीची भोकं पाडा, खाली विटा ठेवा. मूठभर मिश्रण घट्ट दाबलं की एखाददुसरा थेंब यावा. धार लागली तर आणखी पाला घाला.

उत्तर २: आंबूस ऐवजी अमोनियाचा उग्र वास आला, तर नायट्रोजन जास्त झालाय. तिथेही सुका पालाच. तुकडे २-३ सेंमीचे करा, ३-४ दिवसांनी खालवर करा. तेलकट अन्न, हाडं टाळाच.

उत्तर ३: ते काळं पाणी कुंड्यांना घालू नका, मुळांना इजा होते. चिलटं असतील तर वर दोन बोटं पाल्याचा थर कायम ठेवा.