अदलाबदलीवर गेलेला अधिकारी मित्रदेशाच्या युद्धात उतरला, तर जबाबदारी कोणाची?

दादरचा वाचक: इराकवरील युद्धात आपण सहभागी होणार नाही, असे कॅनडाचे पंतप्रधान जाँ क्रेतियाँ यांनी १७ मार्च २००३ रोजी संसदेत जाहीर केले, तरीही अमेरिकी व ब्रिटिश तुकड्यांत एक्स्चेंजवर, म्हणजे दोन देशांच्या सैन्यदलांतील अदलाबदलीवर, असलेले कॅनडाचे अधिकारी माघारी बोलावले गेले नाहीत. आमच्या अभ्यासिकेत यावरून चांगलीच जुंपली. मूठभर अधिकाऱ्यांमुळे देश युद्धात उतरतो, असे म्हणता येईल का?

कुलाबा, निवृत्त नौसैनिक: अशा अधिकाऱ्याला पाहुणा समजण्यातच गफलत होते. संपर्क अधिकारी आपल्या मुख्यालयाचे म्हणणे तिकडे पोहोचवतो. एक्स्चेंजवरचा अधिकारी यजमान दलातली प्रत्यक्ष जागा भरतो. जहाजावर वॉचच्या तक्त्यात त्याचे नाव लागते, मध्यरात्री बारा ते चारची पाळी त्याच्या वाट्याला येते, आणि ऐन मोहिमेत त्याला काढून घेतले तर ती पाळी दुसऱ्याच्या डोक्यावर पडते. ज्या विश्वासासाठी ही देवघेव चालते तोच तुटेल, म्हणून सरकारे त्याला परत बोलावताना कचरतात. तो हुकमाचा ताबेदार. त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नाही.

गिरगाव, वकील: राग त्याच्यावर नाहीच, परवानगी देणाऱ्यावर आहे. ब्रिटनचे उदाहरण अधिक बोचरे आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये कॉमन्स सभागृहाने सीरियातील लष्करी कारवाईचा प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला. सप्टेंबर २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटविरुद्ध हवाई हल्ल्यांना मान्यता मिळाली, तीही इराकपुरतीच. असे असताना अमेरिकी दलांत नेमलेले ब्रिटिश वैमानिक सीरियावरील हल्ल्यांत सामील असल्याचे जुलै २०१५ मध्ये माहिती अधिकाराच्या अर्जातून उघड झाले. २०१३ चे मतदान असद राजवटीविषयी होते आणि हे वैमानिक अमेरिकी आदेशाखाली उडत होते, असा सरकारचा बचाव होता. पहिला मुद्दा वादापुरता मान्य करू; पण २०१४ च्या ठरावात सीरिया वगळल्याचे स्पष्ट लिहिले होते, त्याचे काय? सीरियातील हल्ल्यांना संसदेची मंजुरी मिळाली ती २ डिसेंबर २०१५ रोजी.

दादरचा वाचक: आपल्याकडे असा प्रसंग आला तर?

गिरगाव, वकील: परदेशी मोहिमेपूर्वी संसदेची संमती घेण्याचे बंधन आपल्या राज्यघटनेत नाही. अनुच्छेद ७५(३) नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते, त्यामुळे जाब विचारता येतो, पण बहुधा गोष्ट घडून गेल्यावर. अमेरिकेच्या विनंतीनंतरही इराकमध्ये सैन्य न पाठवण्याचा जुलै २००३ चा निर्णयदेखील मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीतच झाला होता.

कुलाबा, निवृत्त नौसैनिक: म्हणूनच अधिकारी कोणत्या मोहिमेतून बाजूला राहील, हे त्याला पाठवण्यापूर्वीच करारात लिहून घ्यावे आणि ती अट यजमान कप्तानालाही कळवावी. जहाज बंदर सोडून गेल्यावर दिल्लीहून संदेश धाडून काही साधत नाही.