वॉस्प्स रग्बी क्लबला करोनाने बुडवलं? अजिबात नाही

लंडनकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, "कॉव्हेंट्रीला गेला म्हणून वॉस्प्स वाचला होता, बुडवला तो करोनाने." वाचून डोकं फिरलं. 1867 साली लंडनमध्ये जन्मलेला क्लब 2014 मध्ये दीडशे किलोमीटरवर कॉव्हेंट्रीला नेऊन ठेवला. तिथल्या स्टेडियमपायी झालेलं कर्ज फिरवायला 2015 मध्ये साडेतीन कोटी पौंडांचे रोखे काढले, साडेसहा टक्के व्याजाने. मे 2022 मध्ये मुद्दल परत करायची वेळ आली तेव्हा तिजोरी रिकामी. ऑक्टोबरात क्लब दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या हाती गेला, 167 माणसं एका दिवसात बेकार झाली. करोना निमित्त, रोग जुना.

मिडलंड्सची लेक: ते वाक्य माझंच. कॉव्हेंट्रीआधी वॉस्प्स जिथे खेळायचा, त्या वायकंबच्या अॅडम्स पार्कवर तुम्ही कधी गेलात का? औद्योगिक वसाहतीच्या टोकाला मैदान, जायला-यायला एकच रस्ता. सामना संपल्यावर तासभर गाडीत बसून राहायचो, पोरगं मागे झोपलेलं. जेमतेम दहा हजारांचं मैदान, तेही फुटबॉल क्लबचं. भाड्याच्या घरात राहून कुणाचं भलं झालंय? कॉव्हेंट्रीच्या पहिल्या सामन्याला 28 हजारांवर माणूस होतं.

आकाशी निळा: आणि ते स्टेडियम कुणासाठी बांधलं होतं? आमच्या फुटबॉल क्लबसाठी, कॉव्हेंट्री सिटीसाठी! वॉस्प्सशी करार जमेना, म्हणून 2019 पासून दोन हंगाम आमचे 'घरचे' सामने बर्मिंगहॅमला झाले. बाबांना गुडघ्यांमुळे ती ट्रेन झेपेना, त्यांनी जाणंच सोडलं. तुमच्या रोख्यांचं मला काय सांगता!

मिडलंड्सची लेक: तुमच्या मालकांचं आणि कौन्सिलचं भांडण आमच्या येण्याआधीचं आहे. 2013 मध्ये सिटी नॉर्दम्प्टनला गेली, तेव्हा वॉस्प्स कुठे होता?

आकाशी निळा: बरं, ते खरं. पण शहराचा स्वतःचा रग्बी क्लब 1874 पासून आहे, त्याला कुणी विचारलं?

लंडनकर: फुटबॉल पुरे! 2004 ची युरोपियन कपची फायनल, वॉस्प्स विरुद्ध फ्रान्सचा तुलूझ, मी लंडनच्या ट्विकनम मैदानावर पाहिली. 20-20, शेवटची मिनिटं. आमच्या हाउलीने डाव्या कडेने चेंडू पुढे मारला. तुलूझचा पॉइत्रनो चेंडू बाहेर जाईल म्हणून थांबला, हाउली थांबला नाही. शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याने मला मिठी मारली. वॉस्प्सच्या सडबरीच्या जुन्या मैदानापासून तो सामन्यांना येत होता. कॉव्हेंट्रीला तो एकदाही गेला नाही. असे किती गमावले, ते कुठल्या ताळेबंदात लिहिलंय?

मिडलंड्सची लेक: रोख्यांचं गणित चुकलं, मान्य. पण त्या 28 हजारांत माझा मुलगा होता. त्याचा क्लब कॉव्हेंट्रीचाच होता, आणि तो क्लबही गेला.