नागपूरहून पुणे की ठाणे? घरातील वृद्धांच्या दृष्टीने हवामानाची तुलना कशी करावी?

नमस्कार. आमच्या कार्यालयाने मला पुणे किंवा ठाणे यांपैकी एका ठिकाणी बदली मागण्याची मुभा दिली असून पसंती कळवण्यासाठी या वर्षअखेरपर्यंतचा अवधी आहे. पगार, घरभाडे आणि मुलीची शाळा यांचा हिशेब आम्ही मांडून पाहिला, त्यात दोन्ही शहरे जवळजवळ बरोबरीत येतात. निर्णय अडला आहे तो हवामानापाशी, कारण माझे आईबाबाही आमच्यासोबत येणार आहेत. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे असून त्यांना जुना दमा आहे आणि डिसेंबर-जानेवारीतील पहाटे त्यांना सर्वांत जड जातात. आईचे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत, तरीही ती रोज संध्याकाळी चालायला जाते आणि ते चालणे थांबू नये, अशी डॉक्टरांची सक्त सूचना आहे. दोघांचेही सारे आयुष्य विदर्भात गेले आहे.

प्रश्न विचारण्यापूर्वी मी थोडी आकडेवारी जमवली आणि तिने माझा गोंधळ वाढवला. वार्षिक सरासरी तापमान पाहिले, तर नागपूर आणि मुंबई-ठाणे परिसर दोन्ही सत्तावीस अंशांच्या आसपास येतात. हा आकडा पाहून कोणी म्हणेल की दोन्हीकडची हवा सारखीच आहे. प्रत्यक्षात नागपूरला मे महिन्यात दुपारचे सरासरी तापमान ४२ अंशांच्या वर जाते आणि जानेवारीत पहाटे ते १२-१३ अंशांवर येते. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत मात्र मे महिन्यात दुपारी ३३-३४ आणि जानेवारीच्या पहाटे १७ अंशांच्या आसपास, एवढाच पल्ला असतो. पावसाचेही तसेच आहे. नागपूरचा वार्षिक पाऊस सुमारे १,१०० मिलिमीटर, पुण्यातील शिवाजीनगरचा सुमारे ७५० आणि सांताक्रूझचा २,३०० च्या पुढे. पुण्यात आपल्यापेक्षा कमी पाऊस पडतो, हे आमच्या नातेवाइकांना सांगितले तर ते मान्यच करत नाहीत, कारण पुण्याला जाऊन आलेला प्रत्येक जण तिथल्या पावसाळ्याबद्दलच बोलत असतो.

आमची उन्हाळ्याची सवयही वेगळी आहे. मार्च संपता संपता कूलरला नव्या ताट्या बसवायच्या, दुपारी खिडक्या बंद करून अंधार करायचा आणि मे महिन्याच्या अखेरीस नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू झाला की सकाळी दहानंतर वृद्धांनी बाहेर पडायचे नाही, या शिस्तीवर आमचे घर चालते. कोरड्या हवेत कूलर उत्तम काम करतो आणि विजेचे बिलही आवाक्यात राहते. ठाण्यात कूलरचा उपयोग होत नाही असे ऐकले आहे. मग ३४ अंश हे ४२ अंशांपेक्षा खरोखरच सुसह्य असतात का, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न दम्याविषयी आहे. बाबांना थंड, कोरडी पहाट सोसत नाही हे ठाऊक आहे. परंतु चार महिने ओल असलेले घर त्यांना सोसेल का, याचा अंदाज नागपुरात बसून येत नाही. तिसरे असे की पुण्याचे हवामान असे सरसकट बोलण्यात कितपत अर्थ आहे? बाणेर, हडपसर आणि खराडी या भागांतील भाडी मी पाहिली आहेत, पण तिथल्या हवेतही फरक असेल, तर घर शोधण्याआधी तो कळलेला बरा. दोन्ही शहरांत राहिलेल्यांनी किंवा या विषयाची जाण असलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. औषधोपचाराचा सल्ला मी अर्थातच बाबांच्या डॉक्टरांकडूनच घेणार आहे.

— संत्रानगरीकर

प्रतिसाद : निवृत्त निरीक्षक

आपण आकडेवारी जमवून प्रश्न विचारला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. वार्षिक सरासरी हा आकडा स्थलांतराच्या निर्णयासाठी जवळजवळ निरुपयोगी असतो. तो बाजूला ठेवावा. त्याऐवजी प्रत्येक महिन्याचे सरासरी कमाल आणि किमान तापमान, सकाळची व संध्याकाळची सापेक्ष आर्द्रता आणि पावसाळी दिवसांची संख्या ही पाच सदरे शेजारी शेजारी मांडावीत. भारतीय हवामान विभाग प्रत्येक प्रमुख केंद्रासाठी तीस वर्षांची सरासरी काढतो. सध्या १९९१ ते २०२० हा कालखंड प्रमाण मानला जातो. पावसाळी दिवस म्हणजे किमान २.५ मिलिमीटर पाऊस झालेला दिवस, ही व्याख्याही लक्षात ठेवावी, कारण पुण्याची दिवसभराची भुरभुर अनेकदा या मर्यादेखालीच राहते आणि तरीही रस्ता ओला तो ओलाच असतो. तुमच्या नातेवाइकांचा अनुभव आणि तुमचा आकडा, दोन्ही खरे असण्याचे कारण हेच आहे. नागपूरचा बराचसा पाऊस बंगालच्या उपसागरातून मध्य भारताकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे जोरदार सरींच्या रूपात येतो. पुणे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने तिथे ढग अधिक आणि पाऊस कमी, असे जुलै-ऑगस्टचे चित्र असते.

आता ३४ आणि ४२ अंशांची तुलना. शरीर घाम वाळवून थंड होते आणि घाम किती लवकर वाळेल हे हवेतील बाष्पावर ठरते. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचा आकडा यासाठी उपयोगी पडतो. हवा ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर हा तापमापक सुमारे २२ अंश दाखवतो. हवा ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल, तर तोच २८ च्या वर जातो. कूलर हवेला फार तर या आकड्याच्या जवळपास आणू शकतो, म्हणून तो नागपुरात चालतो आणि ठाण्यात केवळ दमटपणा वाढवतो. अर्थात याचा अर्थ नागपूरची दुपार निर्धोक असा मुळीच नाही. कोरड्या उन्हात शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते आणि वृद्धांना तहान उशिरा जाणवते. दमट हवेतील धोका मात्र आकड्यावरून ओळखू येत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघरच्या उघड्या मैदानावरील कार्यक्रमात उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हा परिसरात नोंदलेले तापमान चाळिशीच्या आतच होते. हवामान विभागाचा निकषही म्हणूनच वेगळा आहे: मैदानी प्रदेशात उष्णतेच्या लाटेसाठी कमाल तापमान किमान ४० अंश असावे लागते, तर किनारपट्टीवर ३७ अंश पुरतात, मात्र दोन्हीकडे ते सहसा सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असावे लागते.

भ्रमणध्वनीवर दिसणाऱ्या आकड्यांवर विसंबू नये. मे २०२४ च्या अखेरीस तुमच्याच शहरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि ते उपकरणातील बिघाडामुळे घडल्याचे नंतर स्पष्ट झाले. शिवाय वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत असतो. वरच्या मजल्यावरच्या पश्चिमाभिमुख खोलीत संध्याकाळी सात वाजता किती उकडेल, हे तो सांगत नाही.

प्रतिसाद : घोडबंदरकर

मी मूळचा अकोल्याचा असून बरीच वर्षे ठाण्यात आहे, त्यामुळे दोन्ही उन्हाळे ओळखतो. इथे एप्रिल-मेच्या दुपारपेक्षा रात्र जड जाते, कारण किमान तापमान २६-२७ अंशांच्या खाली येत नाही आणि पंख्याखालीही अंग कोरडे राहत नाही. अकोल्याला गच्चीवर पाणी शिंपडून झोपता येत असे. इथे वातानुकूलन यंत्राला पर्याय नाही, आणि ते केवळ दोन महिने नव्हे, तर ऑक्टोबरमध्येही लावावे लागते. मार्चमध्ये खारे वारे उशिरा सुरू झाले, तर दुपारी अकोल्याची आठवण यावी असे ऊन पडते. समुद्रापासून दूर असल्याने ठाण्यात ते कुलाब्यापेक्षा अधिक जाणवते.

तुमचा खरा प्रश्न पावसाळ्याचा आहे. जून ते सप्टेंबर कपाटातील कपड्यांना, चामड्याच्या वस्तूंना आणि बाहेरच्या भिंतींना बुरशी येते. दम्याच्या रुग्णांना बुरशीचा त्रास होतो, हे आमच्या शेजारच्या आजींकडे पाहून सांगतो. घर घेतानाच पश्चिमेकडील आणि नैर्ऋत्येकडील भिंतीला ओल आहे का, हे पाहावे. नव्या रंगाखाली ती उन्हाळ्यात दिसत नाही, म्हणून घर शक्य तर ऑगस्टमध्येच पाहावे. याउलट डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने तुमच्या वडिलांना नागपूरपेक्षा नक्कीच सुखाचे जातील. आईंच्या चालण्याबाबत मात्र स्पष्ट सांगतो: भर पावसाळ्यात शेवाळलेल्या पदपथावर झिजलेल्या गुडघ्यांनी चालणे धोक्याचे आहे. इमारतीखाली छप्पर असलेली, सपाट, मोकळी जागा असेल तरच त्यांचा व्यायाम टिकेल.

प्रतिसाद : पाषाणची रहिवासी

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देते. पुण्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पाऊस झपाट्याने कमी होतो. लोणावळ्यात चार हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस शिवाजीनगरला येईपर्यंत साडेसातशेवर येतो आणि तोच उतार शहराच्या आतही चालू राहतो, म्हणून बाणेर-बावधनला ज्या दिवशी छत्री मिटत नाही, त्या दिवशी हडपसरला अनेकदा नुसते मळभ असते. थंडीचे गणितही तसेच आहे. पश्चिमेला पाषाण आणि एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) बाजूला झाडी व मोकळी जमीन असल्याने जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, तर पूर्वेला मगरपट्टा आणि वडगाव शेरीकडे त्याच पहाटे तो काही अंशांनी वर असतो. तुमच्या वडिलांना थंड पहाट सोसत नसेल, तर आमच्या भागाची कितीही स्तुती ऐकलीत तरी इकडे येऊ नका, असे मी इथलीच असून सांगते.

फेब्रुवारी-मार्च हा पुण्याचा फसवा काळ आहे. पहाटे १५ आणि दुपारी ३५ अंश, असा वीस अंशांचा फरक एकाच दिवसात पडतो आणि घरोघरी खोकला सुरू होतो. हिवाळ्यात पहाटेचा धूर आणि बांधकामांची धूळ जमिनीलगत साचून राहते, शिवाय पावसाळ्यानंतर मोकळ्या भूखंडांवर गाजरगवत फुलते, ज्याची अनेकांना अ‍ॅलर्जी असते. पूर्वेकडे घर घेतलेत, तर उन्हाळ्यात पाण्याचे टँकर किती लागतात, हे सोसायटीला अवश्य विचारा. धरणे पश्चिमेला आणि तुमचा नळ पूर्वेला, असा तो मामला आहे. नदीकाठचे घर असेल तर निळी आणि लाल पूररेषा पाहा. निळी रेषा सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घराघरांत पाणी शिरले होते. वार्षिक पाऊस कमी म्हणून पूर येत नाही, असे पुण्यात समजू नये.

संत्रानगरीकर

सर्वांचे मनापासून आभार. तुमच्या उत्तरांवरून मी महिनावार तक्ता केला आणि बाबांना न सोसणारे आठवडे त्यात लाल रंगाने रंगवले. ठाण्यात लाल पट्टा सलग चार महिन्यांचा आणि तोही घराच्या आतला येतो. पूर्व पुण्यात तो डिसेंबर, जानेवारी आणि मार्च असा तुटक येतो आणि बव्हंशी पहाटेपुरताच असतो, जो खिडक्या बंद ठेवून आणि फिरण्याची वेळ नवानंतर नेऊन टाळता येण्यासारखा आहे. बाबांच्या डॉक्टरांनाही हा तक्ता दाखवला; बुरशीबद्दल त्यांना अधिक काळजी वाटली. त्यामुळे पसंती पुण्याची कळवत आहे. घर विकत न घेता हडपसर-मगरपट्टा परिसरात अकरा महिन्यांच्या करारावर घेऊ, म्हणजे एक हिवाळा आणि एक पावसाळा तरी अनुभवता येईल. त्या भागात लिफ्ट आणि आईला चालण्यासाठी छपराची जागा असलेल्या, टँकरवर फारशा अवलंबून नसलेल्या सोसायट्या कोणत्या गल्ल्यांत शोधाव्यात, हे तिथल्या रहिवाशांनी कळवावे. कूलर सोबत आणावा की इथेच विकावा, हेही सांगितल्यास बरे होईल.

प्रतिसाद : पाषाणची रहिवासी

कूलर आणा. एप्रिल-मेमध्ये पुण्याची दुपार कोरडी असते आणि तो व्यवस्थित चालतो. वळवाच्या सरी सुरू झाल्या की मात्र बंद करून ठेवावा लागतो.