ग्रिफनवर ५४० पौंड, आणि वर एक पाण्याची पिशवी

रविवारची_डीएम

नमस्कार मंडळी. आमचा डी अँड डीचा (Dungeons & Dragons, पात्रं घेऊन फाशांवर गोष्ट खेळायचा खेळ; मी डीएम, म्हणजे डाव चालवणारी) डाव दोन रविवार एकाच जागी अडकलाय. पाचवी आवृत्ती, २०१४ची पुस्तकं. पोरांनी अंडं उबवून, वाढवून एक ग्रिफन (गरुडाचं डोकं-पंख, सिंहाचं धड) माणसाळवलाय आणि आता त्याचा टेम्पो केलाय.

तो किती ओझं नेईल? ताकद १८, गुणिले १५, आकार मोठा म्हणून दुप्पट: ५४० पौंड. आता ओझं बघा. ड्वार्फ (बुटका, दणकट योद्धा) १५०, प्लेट चिलखत ६५, ढाल ६, हातोडा २, खास खोगीर ४०. झाले २६३. मग पेटी २५ आणि त्यात दहा हजार सोन्याची नाणी. पौंडाला ५० नाणी, म्हणजे २००. झाले ४८८. मागे हाफलिंग (त्याहूनही छोट्या चणीची) ४०, तिचं चामडी चिलखत १०, दोन सुरे २. बरोब्बर ५४०! ड्वार्फवाला कॅल्क्युलेटर माझ्या नाकासमोर धरून बसला होता. एवढं लादूनही उडायचा वेग पूर्ण, एका पाळीत ८० फूट.

मी विचारलं, हाफलिंगच्या कमरेला पाण्याची भरलेली पिशवी आहे ना? ती ५ पौंड. एवढ्यावरून तो विमान पाडल्यासारखा ओरडला. हाफलिंगवाली शांतपणे म्हणाली, "मी पाणी पिऊन टाकते." म्हणजे ते पाणी आता कुठे गेलं, बाई?

५४० पर्यंत काहीच नाही आणि ५४१ला थेट जमिनीवर, हे मला पटत नाही. तुम्ही काय करता?

जुना_फासा

साडेतीनच्या (३.५, जुन्या) आवृत्तीत हा वाद झालाच नसता. उडायचं तर फक्त हलकं ओझं, नाहीतर पंख मिटून चाला. ग्रिफनचं हलकं ओझं ३०० पौंडांपर्यंत, तसं त्याच्या पानावरच छापलंय. तुमचा ड्वार्फ खोगिरासकट २६३, तो जाईल. पेटी राहील. हाफलिंगने चालत यावं, पाय आहेत तिला.

कामशेटचा_वारा

मी हे खेळत नाही, बायको खेळते. तिने हा धागा दाखवला म्हणून लिहितोय. कामशेटला पॅराग्लायडिंग करतो. प्रत्येक विंगवर (म्हणजे डोक्यावरच्या कापडी पंखावर) किमान-कमाल वजन लिहिलेलं असतं, पायलट, हार्नेस, सगळं धरून. वरच्या टोकापर्यंत भरलंत तर विंग हळू होत नाही, उलट जोरात जाते! फक्त खाली भरभर येते, थर्मलमध्ये (वर जाणाऱ्या गरम हवेत) चढायला रडवते आणि टेक-ऑफला जास्त पळावं लागतं. तेव्हा वेग कापून उपयोग नाही, उड्डाण आणि चढाई कापा. कड्यावरून झेप घेतली तर लादलेला ग्रिफन जाईल. सपाटीवरून नुसती धूळ उडवेल. गिधाडांचं तेच होतं. आकंठ खाल्लं की उठता येत नाही, मग कुणी अंगावर आलं की ओकून हलकी होतात.

(बायको म्हणतेय, ओकायचा नियम नक्की घाला.)

फुकटचा_जादूगार

पुस्तकातच पायऱ्या आहेत की. उडता झाडू ४०० पौंड नेतो, पण २०० च्या वर गेलात की ५० चा वेग ३० होतो. उडता गालिचा तर नेहमीच्या वजनाच्या दुप्पट घेतो, अर्ध्या वेगाने. झाडूला जे कळतं ते ग्रिफनला का कळू नये?

रविवारची_डीएम

सगळ्यांचे आभार. दोन्ही एकत्र केलं. २७० पर्यंत पूर्ण वेग. त्याच्या वर ५४० पर्यंत ४० फूट, चढाई बंद, आणि उड्डाण फक्त उंचावरून. कामशेटवाल्या दादांचं विज्ञान ४० फुटांना हसेल, पण टेबलावर पोरांना काहीतरी कापलेलं दिसावं लागतं. ओकायचा नियम एकमताने मंजूर, ड्वार्फ सोडून.

काल खेळलो. पात्रांची टोळी दरीच्या तळाला होती, कडा डोक्यावर. ड्वार्फने तोंड वेंगाडत पेटी झुडपात लपवली आणि तो एकटाच २६३ पौंडांत वर गेला. हाफलिंगला "पहाऱ्याला" ठेवलं. ग्रिफन दुसऱ्या फेरीला खाली आला तेव्हा पेटी जागेवर होती, कुलूपही होतं. सोनं आणि हाफलिंग मात्र नव्हते.

हाफलिंगवालीची गुपचूप चिठ्ठी मला खेळाच्या मध्येच टेबलाखालून मिळाली होती. ड्वार्फवाला अजून माझ्याशी बोलत नाहीये, जसं काही मीच पळवलं.