पुरात गुगल शीट कामाची की बोट?

संथ_वाहते: २०१९ च्या ऑगस्टमधला कोल्हापूर-सांगलीचा महापूर. मी पुण्यात, घरचे शिरोळ तालुक्यात, हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली, म्हणजे जायचा प्रश्नच नाही. मग आम्ही आठ-दहा जणांनी एक गुगल शीट काढली, गाव, माणसं किती, काय पाहिजे, आणि लिंक फिरवली. बरीच मदत त्यावरून गेली. तरी लोक म्हणतात मोबाइलवरनं पूर ओसरत नसतो. तुमचं काय मत?

काठावरचा: गेली की, बिस्किटं! रोडवरच्या गावात टेम्पोवर टेम्पो, जुन्या कपड्यांचे ढीग. आमचं गाव आत, आम्हाला पाहिजे होता जनावरांना चारा आणि म्हाताऱ्यांना शुगरच्या गोळ्या. तुमच्या शीटमध्ये आम्ही नव्हतोच, लाइट नाही, टॉवर बंद, सांगणार कशावरनं? ज्याचा फोन चालू त्याचीच हाक ऐकू गेली. सांगलीकडं ब्रह्मनाळ गावात बोट उलटून माणसं गेली राव, तिथं कुठलं ॲप कामाला आलं?

नकाशेवाली: ब्रह्मनाळबद्दल काही बोलायलाच नको. पण फोन बंद म्हणजे सगळंच बंद असं नाही. जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा पोर्तोप्रिन्सचा धड नकाशा नव्हता, जगभरच्या लोकांनी घरी बसून सॅटेलाइट फोटोंवरनं ओपनस्ट्रीटमॅपवर (कुणालाही भर घालता येते असा नेटवरचा मोफत नकाशा) रस्ते काढले आणि बचाव पथकांनी तेच वापरले. आपल्याकडं निदान गावांची यादी पावसाळ्याआधी भरून ठेवा, ज्या गावातनं काहीच निरोप नाही तिथं आधी जा.

खवट_काका: केरळात २०१८ ला सरकारी साइट पण होती, तरी माणसं उचलली कोळ्यांनी, स्वतःच्या होड्या ट्रकवर घालून आणून.

नकाशेवाली: काका, होडी कुठल्या गल्लीत न्यायची ते कुणीतरी सांगायला लागतंच की!

संथ_वाहते: काठावरचा, चाऱ्याचं पटलं, आमच्या शीटमध्ये जनावरांचा कॉलमच नव्हता (सगळे आयटीवाले, गोठा कुणाच्या डोक्यात येणार). दुसरी चूक वेळ न टाकण्याची. एका आजींना बाहेर काढून दोन दिवस झाले तरी 'आजी अडकल्यात' फिरतच होतं, त्यांच्या मुलाला इतके फोन की त्यानं शेवटी मोबाइल बंद केला, मग घरच्यांनाच तो लागेना.

काठावरचा: यंदा काढणार असाल तर आमचं गाव आधीच घाला. नाव व्यनि (खाजगी निरोप) करतो. आणि चारा लिहा, बिस्किटं नको.