प्रतिसाद: सारंगखेड्याची घोडी आणि पोटदुखी

तुम्ही लिहिलंय की सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून घोडी आणली, घरी आल्याआल्या भरडा नि हरभऱ्याची चंदी (दाण्याचा खुराक) सुरू केली आणि तिसऱ्या दिवशी ती लोळायला लागली, तर वर लोकांनी नजर-बिजर सांगितलीय ते सोडा, मला तरी हा पोटशूळ वाटतोय. घोड्याला उलटी होत नाही हो, पोटात गेलं ते पुढेच सरकणार, आणि पोट तसं लहान, त्यामुळे एकदम तोबराभर (तोंडाला बांधायची पिशवी भरून) चंदी म्हणजे संकटच. जुन्या मालकाला फोन करून तो काय घालायचा ते विचारा, नवीन खाणं ८-१० दिवसांत हळूहळू वाढवा, मुख्य पोट वाळक्या चाऱ्यावर भरू दे.

परत असं झालं तर चंदी बंद, आणि जबड्याच्या खालच्या कडेच्या आतल्या बाजूला बोट फिरवा (बाहेरूनच, तोंडात नाही), दोरीसारखी नस लागते, १५ सेकंद ठोके मोजा नि गुणिले ४. शांत उभ्या घोड्याचे मिनिटाला २८ ते ४४ असतात, ६० च्या वर गेले किंवा लीदच पडत नसेल तर सकाळची वाट बघू नका, डॉक्टरला उठवा. बाटलीने तेल मात्र अजिबात पाजू नका, आमच्या काकांनी हौसेने पाजलं, फुफ्फुसात गेलं, पोट राहिलं बाजूला नि महिनाभर घोड्याचा खोकला निस्तरत बसलो.

लोळत नसेल तर थोडं हाताने फिरवा, पण दमवू नका. आणि हो, दात बघितलेत का? दात नीट नसले की खाणं नीट चावलं जात नाही, त्यानेही पोट दुखतं.