कॉकटील माझ्या हाताला घाबरतो. मदत हवी आहे

आमच्या फोंड्याच्या घरी एक नर कॉकटील (डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट) आहे. परदेशी स्थायिक झालेल्या परिचितांकडून तो मोठ्या वयातच आमच्याकडे आला. (देशी पोपट पाळण्यास १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार बंदी आहे, कॉकटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा, हे आधीच सांगते, म्हणजे चर्चा भलतीकडे जायला नको.)

सासूबाईंच्या खांद्यावर तो निवांत बसतो आणि डोळे अर्धवट मिटून चोच करकर घासत डुलक्याही काढतो. माझ्या हातातले राळ्याचे कणीस तो गजांमधून आनंदाने खातो. परंतु तोच हात पिंजऱ्याच्या दारातून आत गेला, की तुरा डोक्याला चिकटवून, चोच उघडी ठेवून फुसफुसत मागे सरकतो. ही भीतीची खूण आहे, एवढे मला समजते. प्रश्न असा, की सासूबाई समोर नसताना त्याला खाऊ देत राहावे, की त्यांच्या खांद्यावर असतानाच हळूहळू हात जवळ न्यावा? पंख कापण्याचा सल्ला कृपया देऊ नये.

दुसरी अडचण पावसाळ्यातली. रात्री वीज गेली की तो अंधारात फडफडत गजांवर आपटतो, आणि मागच्या खेपेस तर पंखातले नवे पीस तुटून बरेच रक्त आले. अशी घाबरगुंडी कॉकटीलमध्ये नेहमीची असल्याने इन्व्हर्टरवर मंद दिवा लावला आहे. त्यासोबत पिंजऱ्यावर कापड टाकावे की नाही, याविषयी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे. फोंडा किंवा मडगाव परिसरात पक्ष्यांवर उपचार करणारे पशुवैद्य असल्यास तेही कळवावे.